झोफिया येऊन जाईपर्यंत

ते १९५४ साल. मे महिन्याच्या बारा तारखेला, बुधवारी सकाळी, ऑर्फा स्लोननं कॉफीचा चोथा टाकायला मागचं दार उघडलं आणि तिला दिसलं, की तिचा घेवडा मेला आहे.

काल संध्याकाळपर्यंत तो होता. चार ओळी, वीतभर उंच, दोन-दोन पानं उघडलेली, तिसरं पान मधे दुमडून बसलेलं. आता ती पानं काळी पडून खाली लोंबत होती, उकळत्या पाण्यातून काढलेल्या भाजीसारखी, आणि वासही तसाच येत होता, शिजलेल्या पाल्याचा. तिला आधी तो वासच कळला, डोळ्यांना मागाहून. कुंपणाच्या तारेवर आणि कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर हिमाची पांढरी साय धरली होती. ऊन सरकेल तशी ती विरत चालली होती. अजून दहा मिनिटांनी कुणाला दाखवायचं म्हटलं तर थंडीचा मागमूसही राहिला नसता. तिनं दार लावून घेतलं. चोथ्याचं भांडं हातातच होतं. ते तिनं सिंकमध्ये ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं. होबर्ट बेकारभत्त्याच्या रांगेत उभा राहायला गेला होता, दुपारपर्यंत यायचा नव्हता. नेड्रा शाळेत गेली होती. चार तास हातात होते आणि चार तासांत करण्यासारखं काहीच नव्हतं. खिडकीपलीकडे ओतशाळेची काजळी नेहमीसारखी उतरत होती. डेट्रॉइटला येऊन दोन वर्षं होत आली तरी सकाळी खिडकीची फळी पुसताना तिला वाटे, हे कुणाचं तरी घर आहे आणि आपण ते पुसायला आलो आहोत.

त्या चार ओळींवर काय टांगलेलं होतं ते या गावात फक्त दोघांना ठाऊक होतं. फेब्रुवारीत मोटारीच्या कारखान्यानं होबर्टच्या पाळीतल्या निम्म्या माणसांना घरी बसवलं. तेव्हापासून तो खुर्चीत बसे तोसुद्धा टोकावर, जणू गाडी आता सुटेल. केंटकीचे त्याचे सोबती शुक्रवारची पाळी सुटली की गाडीत बसून दक्षिणेच्या रस्त्याला लागत, उजाडता उजाडता ओहायो नदी ओलांडत, शनिवार डोंगरातल्या आपल्या घळीत, आपल्या गावात काढत आणि सोमवारी लाल डोळ्यांनी परत यंत्रावर उभे राहत. आता काम नाही म्हटल्यावर त्यातले बरेच जण गेले ते परतलेच नाहीत. होबर्टही म्हणे, "आपण इथे आहोत कशासाठी, सांग ना मला. उपाशी राहायचं तर तिथे निदान ओळखीच्या लोकांत राहू." आणि गुड फ्रायडेच्या दिवशी, ऑर्फा मागच्या अंगणात खणत होती तेव्हा, पायरीवर बसून त्यानं मूठभर माती उचलून फुंकली होती. "ही माती नाही, राख आहे राख. यात तुझ्या आईचा घेवडा आला ना, तर मी तोंडातून परतीचं नाव काढणार नाही." ऑर्फानं खणणं थांबवलं. "शब्द?" ती म्हणाली. तो हसला होता, पण त्यांच्या घळीत माणूस शब्द हसत देतो आणि पाळताना हसत नाही. "शब्द," तो म्हणाला होता.

तो घेवडा म्हणजे दुकानातला घेवडा नव्हे. शेंगेवर लव नसते, तेलाचा हात लावल्यासारखी तुकतुकीत असते आणि दाणे आत इतके दाटीनं बसलेले, की शेंग त्यांना पुरत नाही. ऑर्फाच्या आईकडे तो तिच्या आईकडून आला होता. त्याआधी कुणाकडून आला ते विचारायची कुणाला गरज पडली नव्हती. आई बी तपकिरीच्या डबीत ठेवी. डबीला तपकिरीचा वास कायमचा. लहानपणी ऑर्फा झाकण उघडून नाक लावी आणि शिंकत सुटे, आणि आई हातातलं काम न सोडता म्हणे, "शिंक, शिंक, बियांना तेवढाच पाऊस." आईचे नियम तीन. गुड फ्रायडेला पेरायचं, एक दिवस अलीकडे नाही की पलीकडे नाही. पेरायच्या आधी पहिली मूठ शेजारणीला द्यायची. आणि अर्धं बी डबीत मागे ठेवायचं, कारण वर्ष कसं जाईल ते कुणी सांगितलंय. यातले दोन नियम ऑर्फानं पाळले होते. तिसरा तिनं जाणूनबुजून मोडला होता. डबी पालथी करून, बुडावर टिचकी मारून, कोपऱ्यात अडकलेला शेवटचा दाणासुद्धा तिनं मातीत घातला होता. का, ते आता सिंकपाशी उभी असताना तिला स्वच्छ दिसत होतं. मागे ठेवलेलं बी म्हणजे परत जायची तयारी. तिला परतीचं दारच नको होतं. तिनं ते आतून खिळे मारून बंद केलं आणि आता ती आत होती.

घळीत बी नव्हतं असं नाही. भावाची बायको वर्सी आईच्या घरात राहत होती आणि आईची दुसरी डबी तिच्यापाशी होती. एक पत्र टाकलं असतं तर आठवड्यात पुडी आली असती. पण निघायच्या दिवशी वर्सी ओसरीच्या खांबाला टेकून, हातावर हात बांधून उभी होती. होबर्ट गादी गाडीच्या टपावर बांधत होता. "जा बाई जा," वर्सी म्हणाली होती, "शहरात तुला खुर्ची मांडून ठेवली असेल. दोन वर्षांच्या आत याच पायरीशी उभी राहून बी मागशील, आणि मी देईन, माझं मन काही छोटं नाही." शेवटचं वाक्य सर्वांत वाईट. तिनं दिलंच असतं. ते देताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव आला असता तो ऑर्फानं दोन वर्षं, भांडी घासताना, इस्त्री करताना, इतक्या वेळा पाहिला होता, की तो तिच्या स्वयंपाकघरातल्या सामानापैकीच एक झाला होता.

पण वर्सीचं तोंड हे काही राहायचं कारण नव्हतं. कारण नेड्रा होती. तिसऱ्या वर्षी ताप आला, तो उतरला आणि जाताना ऐकू येणं बरोबर घेऊन गेला. अगदी सगळं नाही, मेघगर्जना तिला कळे, कुऱ्हाडीचा घाव कळे. घळीतल्या एका खोलीच्या शाळेत मास्तरीणबाईंनी तिला मागे शेगडीजवळ बसवलं. पोर सोशिक, दोन वर्षं तिथे बसून लाकडं सारत राहिली. "गरीब आहे हो, त्रास नाही काही तिचा," बाई म्हणाल्या होत्या, आणि ऑर्फाला त्या दिवशी पहिल्यांदा कुणालातरी मारावंसं वाटलं होतं. इथे, या काजळीच्या गावात, अशा मुलांसाठी वेगळा वर्ग होता. छातीवर लटकवायचा ऐकण्याचा डबा मिळाला, त्याच्या पट्ट्यानं नेड्राच्या मानेवर लाल वळ उठत. तिथली बाई मुलांचा हात आपल्या गळ्यावर ठेवून बोले. गेल्या हिवाळ्यात एक दिवस नेड्रा शाळेतून आली, ओला कोट न काढताच खुर्चीवर चढली, आपला गार हात तिनं ऑर्फाच्या गळ्यावर दाबला आणि म्हणाली, "बोल." शब्द जाडाभरडा होता, कडा न घासलेल्या लाकडासारखा. पण शब्द होता. ऑर्फाला बोलायला काही सुचेना. तिनं त्या दिवशीच्या स्वयंपाकाची नावं घेतली, राजमा, मक्याची भाकरी, कांदा, पुन्हा राजमा, आणि त्या गार बोटांखाली तिचा गळा थरथरत राहिला. त्या क्षणापासून होबर्ट परतीचं बोलू लागला की तिच्या गळ्यावर ती बोटं येत.

ती पुन्हा दाराशी गेली. साय विरली होती. अंगण ओलं आणि निष्पाप दिसत होतं. तिच्या डोक्यात एक विचार आला आणि तो इतक्या शांतपणे आला, की तिला स्वतःची भीती वाटली. कोपऱ्यावरच्या दुकानात कागदी पाकिटातलं घेवड्याचं बी मिळतं. ओळी उपटून टाकायच्या, ते लावायचं, होबर्टला म्हणायचं कीड लागली होती, पुन्हा पेरलं. शेंग धरेपर्यंत त्याला कळणार नाही. मग तिला त्याचे हात आठवले. तो त्याच घळीत वाढला होता. पहिलं पान बघून त्यानं ओळखलं असतं, आणि ओळखूनही काही बोलला नसता, आणि त्या न बोलण्यात पुढचं सारं आयुष्य काढावं लागलं असतं. नको.

मग तिची नजर कुंपणाच्या पलीकडे गेली. ब्रोन्याबाईंचं अंगण. तिथे सगळी माती सकाळच्या उन्हात काळीभोर, फणी फिरवल्यासारखी, आणि मोकळी. एक कोंब नाही.

ब्रोन्या व्रोना ही शेजारची पोलिश विधवा, साठीची, कमरेत रुंद, डोक्याला रुमाल. या रस्त्यावर बहुतेक सगळे पोलिशच. स्लोन मंडळींना ते "डोंगरी" म्हणत, पाठीमागे, आणि पोरं तोंडावर. गुड फ्रायडेला ब्रोन्याबाई काळ्या कपड्यांत चर्चमधून परतत होत्या. ऑर्फाला खणताना पाहून त्या जागीच थबकल्या आणि त्यांनी छातीवर क्रूस काढला. "काय करते? आज? आज देव मातीत. आज माती खणायची नाही!" ऑर्फा म्हणाली, "आमच्यात आजच पेरतात, बाई." "आज पाप. आणि आज थंड," ब्रोन्याबाई कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "थांब तू. झोफिया येऊ दे. थंड झोफिया. ती येईल, ती जाईल, मग पेर." ऑर्फाला वाटलं, यांची कुणी नणंद वगैरे यायची असेल, तुसडी, पाहुणी आली की घरादाराला कामं सुचू न देणारी. तसली एक तिच्याही नात्यात होती. "येऊ देत हो त्या, माझं काय जातंय," ती म्हणाली होती, आणि आईचा दुसरा नियम आठवून तिनं पहिली मूठ कुंपणावरून पुढे केली होती. आणि ब्रोन्याबाईंनी काय करावं? आभार मानले. एकदा नाही, तीनदा, छातीवर हात ठेवून. बी दिलं घेतलं तर आभार मानायचे नसतात. मानले की ते उगवत नाही. घळीतलं शेंबडं पोरसुद्धा बी घेऊन गुपचूप चालू लागतं. गेली ही मूठ, असं मनात म्हणून तिनं उरलेलं सगळं पेरलं होतं. आणि आता जे सगळं होतं ते मेलं होतं, नि जी मूठ गेली म्हटलं होतं, तीच कदाचित कुठेतरी असेल.

होबर्ट मागच्या बोळानं आला, त्यामुळे सांगायची वेळ आलीच नाही. फाटक वाजलं, मग बराच वेळ काही वाजलं नाही. ऑर्फा बाहेर आली तेव्हा तो ओळीशी उकिडवा बसला होता. एक काळं पान त्यानं दोन बोटांत धरलं होतं, चुरगाळत नव्हता, नुसतं धरलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण असती तर तिला सोपं गेलं असतं.

"आपल्याकडे आतापर्यंत वेल कमरेला आला असता," तो म्हणाला.

"हो."

"शनिवारी निघू. थडगी साफ करायच्या दिवसाला तसंही जायचंच आहे. आईच्या थडग्यावरचं गवत काढायला हवं, तुझ्या आणि माझ्याही." तो उठला. "मग राहूच तिथे. मी भावाला म्हटलंय."

"आणि नेड्रा?"

"नेड्रा आपल्या माणसांत राहील."

"शेगडीजवळ."

त्यानं पान खाली टाकलं. "ऑर्फा, मी शब्द मोडत नाहीये. घेवडा आला तर, असा शब्द होता."

"उन्हाळा संपला का?"

"बी संपलंय. तूच डबी झटकलीस, माझ्या डोळ्यांदेखत."

"एक मूठ आहे."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं कुंपणाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "दिलेलं बी परत मागणार तू? तुझ्या आईनं थडग्यात कूस बदलली असती. आणि ते राहिलंय होय अजून? म्हातारीनं कधीच सूपमध्ये घातलं असेल."

तसं असू शकत होतं. हा विचार तिला सकाळपासून आला नव्हता आणि आता तो आल्यावर दुसरं काही दिसेना. ब्रोन्याबाईंच्या खिडकीतून रोज येणारा तो कोबीचा, हाडांचा वास, आणि त्यात आईचा घेवडा फुगून फुटत असलेला. ती ॲप्रनला हात पुसत पुढच्या दारानं बाहेर पडली. मागच्या कुंपणावरून हाक मारता आली असती. पण मागायला जायचं ते समोरून, एवढं तिला कळत होतं.

त्यांच्या घळीत परक्याच्या दाराशी थेट जाऊन कुणी कडी वाजवत नाही. फाटकाशी उभं राहायचं, हात दिसतील असे ठेवायचे आणि घराला हाक द्यायची. कुत्री भुंकतात, घरचा माणूस बाहेर येतो, तो ये म्हणाला की मग पुढे व्हायचं. इथे आल्याच्या पहिल्या आठवड्यात ती थोडं मीठ मागायला अशीच याच फाटकाशी उभी राहिली होती आणि डोंगरावरून डोंगरावर जाईल अशी हाक तिनं दिली होती. सगळ्या रस्त्याच्या खिडक्या उघडल्या. पुढचे कितीतरी दिवस पोरं तिला बघून हात तोंडाशी धरून ओरडत, "घरात आहे का कुणी-ई-ई!" त्यानंतर ती कधी ओरडली नव्हती. ती इथल्यासारखी घंटीचं बटण दाबे, हलक्या बोटानं, आणि त्या बोटाची तिला लाज वाटे. आज ती फाटकाशी उभी राहिली, तिनं हात दिसतील असे ठेवले आणि पोटातून हाक दिली.

"ब्रोन्याबाई! घरात आहे का कुणी-ई!"

खिडक्या उघडल्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ब्रोन्याबाईंचं डोकं माडीच्या खिडकीतून बाहेर आलं, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. "काय? आग? पोलीस?"

"माझं बी! मी दिलेलं! खाल्लंत का तुम्ही ते?"

"काय खाल्लं?"

"बी! घेवडा!"

डोकं आत गेलं. जिन्यावरून पावलं उतरत आली. ब्रोन्याबाई कोकोचा एक पत्र्याचा डबा घेऊन दारात आल्या आणि त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला. आत खळखळलं. "खाणार होते," त्या म्हणाल्या. "पाणी ठेवलं. मग पाहिलं, सुंदर आहे. इतकं सुंदर, सूप कशाला? ठेवलं. झोफियासाठी."

"ही झोफिया आहे तरी कोण?" ऑर्फा जवळजवळ ओरडलीच. "कधी यायची आहे तुमच्याकडे?"

ब्रोन्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग हसू लागल्या, इतक्या की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. पिठाच्या हातानं त्यांनी ऑर्फाचं मनगट पकडलं आणि तिला जिन्यानं वर स्वयंपाकघरात ओढत नेलं. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं, प्रत्येक तारखेखाली एका संताचं नाव. ब्रोन्याबाईंचं बोट पांढरे ठसे उमटवत सरकलं. "बारा, तेरा, चौदा. हे तीन. पंक्रात्सी, सेर्वात्सी, बोनिफात्सी. तीन चोर. बर्फाचे माळी म्हणतो आम्ही यांना. दर वर्षी येतात, चोरतात. आज पहिला आला, तुझ्याकडे." बोट पुढे सरकलं. "पंधरा, झोफिया. बाई आहे ना, म्हणून सगळ्यात शेवटी येते, सगळ्यात थंड. ती गेली की संपलं. मग पेर, डोळे मिटून पेर. माझी आई, तिची आई, सगळ्या." ऑर्फा त्या ठशांकडे बघत उभी होती. तिच्या आईच्या चुलीशेजारीही असंच एक पंचांग लटकत असे. त्यात माणसाचं चित्र, डोक्यापासून पावलांपर्यंत राशी, आणि आई बोटाला काजळ लागलेलं तसंच त्याच्यावर टेकवी. आईचा शुक्रवार खोटा नव्हता. तो फक्त आईच्या डोंगराला ठाऊक होता. इथल्या मातीला तो कुणी सांगितलेलाच नव्हता, आणि दोन वर्षं या मातीला काय ठाऊक आहे ते ऑर्फानंही विचारलं नव्हतं. समोरची बाई कुंपणावरून ओरडून सांगत होती, आणि आपण एका तुसड्या नणंदेची वाट बघत होतो.

ब्रोन्याबाईंनी डबा तिच्या ॲप्रनमध्ये ओतला. थोडं बी त्यांनी स्वतःच्या मुठीत राखलं, बाकी सगळं तिला. मग त्या थांबल्या. काहीतरी ऐकायचं आहे अशा थांबल्या. ऑर्फाच्या घशाशी ते आलं होतं, इतकं, की दातांवर दात दाबावे लागले. एक शब्द आणि हेही गेलं. तिनं मान हलवली. डोळे भरून आले ते तिनं पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांत ॲप्रनचा ओचा होता.

"डोंगरात आभार म्हणत नाहीत?" ब्रोन्याबाई कुत्सितपणे म्हणाल्या.

ऑर्फानं पुन्हा मान हलवली. ओचा तिनं गाठ मारून कमरेला खोचला, सिंकवर हात धुतले, बाह्या वर सारल्या आणि फळीवर अर्धवट लाटून पडलेली कणीक पुढे ओढली. ब्रोन्याबाई काहीतरी पोलिशमध्ये पुटपुटल्या. मग त्यांनी वाटीनं पाऱ्या कापायला सुरुवात केली. नेड्राची शाळा सुटायची वेळ होईपर्यंत दोघींनी बटाट्याचं सारण भरून त्या बंद केल्या. ऑर्फानं दाबलेल्या कडा पहिल्यांदा उघडल्या, नंतर उघडल्या नाहीत.

शनिवारी पंधरा तारीख. सकाळी आठला होबर्टनं गाडी दाराशी आणली, बॅग ठेवली, खोरं ठेवलं थडग्यांसाठी. ऑर्फा मागे होती. ब्रोन्याबाई पलीकडे गुडघ्यांवर बसून पेरत होत्या, झोफिया आजच आहे, संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं, असं स्वतःलाच दटावत. नेड्रा पुढे सरकत बोटानं मातीत भोक पाडी, ऑर्फा एक दाणा टाकी आणि माती लोटी. पोरीच्या छातीवरचा डबा मातीला लागू नये म्हणून तो तिनं पाठीवर फिरवला होता.

"ऑर्फा, मी निघतोय."

"नीट जा. नदीशी थांबून झोप काढ थोडी."

"तू येणार नाहीस."

"माझं पेरून झालेलं नाही."

"दोन ओळी होतील फार तर. मूठभर तर आहे."

"अर्धं मागे ठेवलंय," ती म्हणाली. "एकच ओळ आहे."

तो उभा राहिला. नेड्रा भोक पाडून त्याच्याकडे वर बघत होती, त्याच्या ओठांकडे. तो वळला. थोड्या वेळानं पुढच्या रस्त्यावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तो नेड्रालाही पायांतून कळला असावा, कारण तिनं तळवा जमिनीवर ठेवला आणि तो आवाज संपेपर्यंत तसाच ठेवला.

मग ते अठरा दिवस. पुढे आयुष्यात ऑर्फाला कितीतरी वाईट दिवस पाहावे लागले, पण इतके लांब दिवस नाहीत. होबर्टचं पत्र आलं नाही, त्याला पत्र लिहायची सवयच नव्हती. चारच घरं सोडून राहणारा डोंगराकडचा एक जण असाच गेला होता आणि त्याची बायको अजून त्याचे शर्ट धुऊन दोरीवर घाली, न घातलेले. ऑर्फा बेकरीत सकाळचं काम मागून आली, आणि ते मिळालं. तिला पाव विकता येत नव्हते, त्या पावांची नावंच तिच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून तिला ट्रे घासायला ठेवलं. ट्रे घासताना ती होबर्टची बाजू मांडून पाही आणि ती तिला नेहमी बरोबर वाटे. त्याला तिथे सगळे ओळखतात. इथे तो एक आकडा आहे, बिल्ल्यावरचा. त्याचं काय चुकलं? आणि तरी तिचा हात थांबत नसे. तू घरी जा, ती त्याला मनात सांगे, मी घर इथे करते. ते वाक्य जुळवायला तिला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी मातीला एक भेग पडली आणि भेगेतून मान वाकवून, पाठ आधी बाहेर काढून, पहिला कोंब आला. ब्रोन्याबाईंचे त्याच दिवशी, कुंपणापलीकडे. तीनदा आभार मानलेले. ऑर्फानं ते पाहिलं आणि त्यावर विचार करायचं पुढे ढकललं.

जूनच्या एक तारखेला, मंगळवारी, दुपारी ती बेकरीतून परतत होती. रस्त्यावरची पोरं कशाला तरी हसत पळत होती. तिच्या घरासमोर त्यांची गाडी उभी होती, चिखलानं माखलेली, आणि गाडीच्या टपावर, पुढच्या दिव्यांपासून मागे हातभर बाहेर आलेल्या, दोरखंडानं आवळलेल्या काठ्या. हिरव्या सालीच्या, सरळ, मनगटाएवढ्या, डोंगरातून तोडलेल्या, टोकाला लाल चिंधी बांधलेल्या. होबर्ट दोरखंडाची गाठ सोडत होता. त्यानं वळून पाहिलं नाही.

"वेलाला चढायला काठ्या नकोत?" तो म्हणाला. "इथे कुठे मिळणार आहेत? शहर आहे हे."

ऑर्फानं एका काठीवर हात ठेवला. साल अजून ओली होती. "वर्सी कशी आहे?"

"मजेत. विचारत होती, तुला बी पाठवायचं का म्हणून."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बी आहे. काठ्या तोडू दे."

होबर्टला सप्टेंबरमध्ये कारखान्यानं परत बोलावलं. त्यानं तिथे आणखी चोवीस वर्षं काढली, आणि दर मे महिन्यात तो गेला आणि दर जूनमध्ये काठ्या घेऊन आला. जुन्या काठ्या चांगल्या असल्या तरीही. १९८१ साली तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला घळीत, आईशेजारी नेलं. तेवढ्या एका वेळी तो परत आला नाही. नेड्रा एका छापखान्यात खिळे जुळवायला लागली, जिथे यंत्रांचा आवाज इतका असे, की ऐकू येणारे लोक तिच्याकडून ओठ वाचायला शिकले. ती ओठांवरून पोलिशही वाचते, ते तिला ब्रोन्याबाईंनी कधी शिकवलं ते कुणालाच कळलं नाही. वर्सीच्या घराखालचा डोंगर कोळशासाठी उकरला गेला, आणि ती मुलाकडे ओहायोत राहायला गेली. १९६६ साली तिचं पत्र आलं. दोन ओळींचं. त्यात बी मागितलं होतं. ऑर्फानं पुडी पाठवली. पोचल्याचं वर्सीनं कधी कळवलं नाही, आणि ते ऑर्फाला आवडलं.

ब्रोन्याबाई १९७१च्या मार्चमध्ये गेल्या. माती लोटून झाली, पाद्री गेला, लेकी-सुना गाड्यांकडे वळल्या, तरी ऑर्फा तिथेच उभी राहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली, हात दिसतील असे ठेवले आणि हाक द्यावी तशा मोठ्यानं आभार मानले. एकदा नाही, सतरा वर्षांचे सगळे. गाड्यांपाशी माणसं वळून बघू लागली. त्या वर्षी पेरल्यावर ती रोज सकाळी ओळींशी जाऊन बघे. घेवडा उगवला, आणि कधी नव्हे इतका आला.

आता त्या रस्त्यावर चारच घरं उरली आहेत आणि बाकी गवत. दर गुड फ्रायडेला ऑर्फा डबी काढते, झाकण उघडून नाक लावते, शिंकते. मग झाकण लावून डबी परत फळीवर ठेवते. अजून थंडी आहे.